नवं वर्ष आखताना आधी एडिटिंगच्या टेबलाकडे बघा

सूर्य धनू राशीत गेला की लग्नं थांबतात आणि बडोद्यातले पार्टी प्लॉट, म्हणजे लग्नासाठी भाड्याने मिळणारी मैदानं, ओस पडतात. गुजराती शेजारी याला कमुरता म्हणतात, आपण धनुर्मास. डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायणापर्यंत सेवासी-भायलीकडचे मंडप उतरवलेले असतात. परदेशातून आलेल्या एखाद्या घराने सुट्टीच्या सोयीने उरकलेलं लग्न सोडलं, तर आपल्या लग्नाच्या व्हिडिओच्या धंद्याला जवळजवळ पूर्ण सुट्टी. यंदा संक्रांतीनंतरही शुक्र अस्तातच आहे, त्यामुळे फेब्रुवारी लागेपर्यंत बहुतेक पंचांगांत विवाहमुहूर्त नाहीत. म्हणजे २०२६ आखायला नेहमीपेक्षा जास्त दिवस हातात आहेत.

या दिवसांत आमच्या लाइनीतले बहुतेक जण नव्या लेन्सच्या किमती बघतात आणि ‘यंदा इतकी लग्नं करायची’ असा एक आकडा ठरवून टाकतात. तो आकडा येतो कुठून, हे कोणी विचारत नाही. माझं म्हणणं असं, की लग्नं किती घ्यायची हे कॅमेरे किती आहेत त्यावर ठरूच नये. एडिटिंगला दिवस किती मिळणार आहेत त्यावर ठरावं. शूटिंग दोन दिवसांत आटपतं, फिल्म मात्र त्यानंतर आठ-दहा दिवस खाते, आणि धंदा तिथेच तुंबतो. खालच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीभोवती आहेत. एकट्याने किंवा दोघा-तिघांच्या टीमने काम करणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. मोठ्या स्टुडिओंचं गणित निराळं असतं.

पायरी १: आधी देणी मांडा

कोऱ्या कागदावर गेल्या वर्षातलं प्रत्येक लग्न लिहा. नावापुढे चार रकाने: काय द्यायचं कबूल केलं होतं, त्यातलं काय दिलं, काय राहिलं, आणि कोणामुळे राहिलं. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. ‘गाणी निवडून दिली नाहीत’, ‘दुरुस्त्या कळवतो म्हणाले आणि गप्प बसले’, ‘मी सुरूच केलं नाही’ ही तीन कारणं वेगवेगळी आहेत आणि तिन्हींवरचा उपायही वेगळा आहे.

पहिल्या दोन प्रकारच्या घरांना आजच फोन करा. मेसेज नको, फोनच करा. ‘काका, तुमची फिल्म तयार आहे, फक्त दोन गाणी सांगायची राहिली आहेत. रविवारपर्यंत नाही कळवलं तर मी माझ्या पसंतीची घालून पाठवते, चालेल?’ दहापैकी आठ काका ‘चालेल’ म्हणतात, कारण गाणी निवडायचं काम त्यांनी सुनेवर सोडलेलं असतं आणि सून केव्हाच नोकरीच्या गावी निघून गेलेली असते. शिवाय शेवटचा हप्ताही बहुतेक याच घरांत अडकलेला असतो.

तिसऱ्या प्रकारच्या फिल्मना तारीख द्या, आणि ती तारीख त्या घराला कळवा. ‘भाई, विडियो क्यारे मळशे?’ (व्हिडिओ कधी मिळणार?) हा फोन येण्याआधी आपला गेला, तर पुढचं संभाषण वेगळ्याच सुरात होतं.

ही यादी संपेपर्यंत नव्या वर्षाचं एकही उद्दिष्ट लिहू नका. गेल्या वर्षीच्या राहिलेल्या फिल्म यंदाचे दिवस खाणार आहेत, तेव्हा ते दिवस किती हे आधी समजलं पाहिजे.

पायरी २: वर्षातले एडिटिंगचे दिवस मोजा

एक नमुना घेते, आकडे तुमचे घाला. समजा एका लग्नाचं शूटिंग दोन दिवसांचं आहे. फुटेज उतरवणं, लावणं आणि आवाज जुळवणं यात एक दिवस जातो. विधींची सलग मोठी फिल्म तीन दिवस घेते. पाच-सहा मिनिटांची हायलाइट, म्हणजे निवडक क्षणांची फिल्म, चार दिवस घेते. होय, छोटीला मोठीपेक्षा जास्त वेळ लागतो. टीझर आणि रील एक दिवस, दुरुस्त्या एक दिवस. एकूण दहा.

आता वर्षाकडे बघा. ३६५ दिवसांतून आठवड्याची सुट्टी ५२, सणवार आणि आजारपण १८, ३० लग्नांचं शूटिंग ६०, प्रवास-तयारी १५, भेटीगाठी-फोन-हिशेब ४० वजा केले की उरतात १८०. दहा दिवसांना एक फिल्म या हिशेबाने १८० दिवसांत १८ फिल्म होतात. बुकिंग मात्र ३० लग्नांचं आहे. म्हणजे १२० दिवसांचं काम तुमच्याकडे नसलेल्या दिवसांत करायचं कबूल करून बसला आहात.

आता मार्ग दोन. एक, १८-२० लग्नं घ्यायची आणि दर वाढवायचा. दोन, त्या १२० दिवसांसाठी एडिटर नेमायचा आणि त्याचा पगार दरात धरायचा. रात्री जागून भरून काढू, हा तिसरा मार्ग सगळे धरतात, आणि पहिल्या पायरीतली यादी त्यातूनच तयार होते.

एडिटर नेमणार असाल तर त्याला हायलाइट देऊ नका. मोठी विधींची फिल्म द्या. तिला ठरलेला क्रम असतो, आणि तो शिकवता येतो. हायलाइट ही तुमची सही आहे, तिच्यासाठी लोक तुमच्याकडे येतात. आणि आपल्याकडच्या एडिटरला मराठी लग्नाचा क्रम लिहून द्यावा लागतो. सीमांतपूजन कधी, लाजाहोम कधी, कानपिळीला नवरीचा भाऊ का पुढे येतो, सूनमुखात आरसा का असतो, झालीची टोपली कोणाकोणाच्या डोक्यावर फिरते, हे आजवर फक्त गुजराती लग्नं कापलेल्या मुलाला ठाऊक असायचं कारण नाही. तो झालीचे दिवे ‘आरती’ समजून मधेच कुठेतरी लावून मोकळा होतो. एका पानावर क्रम लिहून टेबलासमोर चिकटवा.

पायरी ३: पंचांग समोर ठेवून कॅलेंडर भरा

२०२६ हे अधिक महिन्याचं वर्ष आहे. अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून. उन्हाळी सुट्टीतला, एरवी सगळ्यात भरगच्च जाणारा मे महिना यंदा अर्ध्यावर तुटतो. यावरून वर्षाचा आकार असा दिसतो:

फेब्रुवारी आणि मार्चच्या सुरुवातीला पहिली लाट. त्यातही होळीआधीचे आठ दिवस, होळाष्टक, गुजराती घरं टाळतात. मग मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत सूर्य मीन राशीत असताना पुन्हा कमुरता. एप्रिलच्या मध्यापासून १६ मेपर्यंत एकच महिना, आणि त्यातच १९ एप्रिलची अक्षय्य तृतीया. या महिन्यात एकाच तारखेला तीन-तीन घरांचे फोन येणार. १६ जूननंतर पावसाच्या तोंडावर थोडे मुहूर्त. २५ जुलैला आषाढी एकादशी, चातुर्मास सुरू. दिवाळी ८ नोव्हेंबरला, कार्तिकी एकादशी २० नोव्हेंबरला, त्यामुळे तुळशीच्या लग्नानंतर पुढच्या कमुरत्यापर्यंत जेमतेम साडेतीन आठवडे मिळतील.

या आकाराचा अर्थ नीट समजून घ्या. यंदा लग्नं दोन-तीन अरुंद खिडक्यांत कोंबली जाणार. बाहेरचे कॅमेरामन, ड्रोनवाले, लाइटमन सगळ्यांना त्याच तारखांना मागणी. तुमची माणसं एप्रिल-मेसाठी आत्ताच अडवून ठेवा, थोडा विसार देऊन. आणि अधिक महिन्याचे तीस दिवस एडिटिंगसाठी राखीव, असं कॅलेंडरवर लाल शाईने लिहून टाका. अधिक महिना संपेपर्यंत एप्रिल-मेच्या मोठ्या फिल्म घरोघरी पोचल्या पाहिजेत.

बडोद्यातल्या मराठी माणसाला इथे एक फायदा आहे. चातुर्मासात गुजराती लग्नं जवळपास थांबतात, पण मराठी पंचांगांत आपत्कालीन मुहूर्त दिलेले असतात आणि दांडिया बाजार-रावपुऱ्याकडची बरीच घरं ते धरतात. मुलाचा व्हिसा, मुलीची परदेशातली नोकरी, आजोबांची तब्येत अशी कारणं असतात. ही लग्नं छोटी, सकाळची, हॉलमधली. पैसा कमी, पण शूटिंग एका दिवसात आटपतं आणि फिल्म पाच-सहा दिवसांत होते. अशा लग्नांसाठी वेगळं, सुटसुटीत पॅकेज ठेवा. दोन दिवसांच्या पॅकेजमधून एकेक गोष्ट वजा करून दर ठरवू नका, त्यात तुम्हीच फसता.

नवरात्रात गरब्याच्या शूटिंगची कामं येतात. घ्यायची असतील तर घ्या, पण ती रात्रभराची असतात आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ एडिटिंगची राहत नाही, एवढं धरा.

पायरी ४: एका लग्नाचा खरा हिशेब

पुन्हा नमुना. समजा दर १,२०,००० रुपये. दुसरा कॅमेरामन दोन दिवस, दिवसाला ५,००० प्रमाणे १०,०००. ट्रॅडिशनल व्हिडिओवाला (विधी सलग टिपणारा) दोन दिवस ८,०००. ड्रोन ६,०००. असिस्टंट ३,०००. गाडी, जेवणखाण ४,०००. हार्डडिस्क ३,०००. झाले ३४,०००. उरले ८६,०००, आणि इथेच थांबून लोक खूश होतात.

आता वर्षाचे कायमचे खर्च: जागेचं भाडं, वीज, सॉफ्टवेअर, विमा, फोन, सीएची फी, जाहिरात. धरा ३,६०,०००. १८ लग्नांवर वाटले तर लग्नामागे २०,०००. कॅमेरे-लेन्स-कॉम्प्युटर मिळून ९ लाखांचा संच चार वर्षांत बदलावा लागणार, म्हणजे वर्षाला २,२५,००० आणि लग्नामागे १२,५००. ८६,०००तून हे ३२,५०० गेले की ५३,५००. तुमचे स्वतःचे दिवस किती? शूटिंग दोन, एडिटिंग दहा, भेटी-तयारी दोन, एकूण चौदा. भागाकार करा: दिवसाला सुमारे ३,८००.

तुम्ही बोलावलेला दुसरा कॅमेरामन दिवसाला ५,००० घेऊन, कार्ड तुमच्या हातात देऊन, रात्री घरी जाऊन झोपतो. जोखीम, उधारी, नवरीच्या आत्याची नाराजी हे सगळं तुमच्याकडे, आणि कमाई त्याच्यापेक्षा कमी. दुरुस्त्यांच्या चार-पाच फेऱ्या झाल्या आणि पाच दिवस वाढले, तर तुमचा आकडा २,८००वर येतो. हा भागाकार ज्याने केला नाही त्याला दर वाढवायची भीती वाटते. केला, की न वाढवण्याची वाटायला लागते.

यातून दोन उद्दिष्टं आपोआप निघतात. दिवसाची स्वतःची कमाई किमान इतकी, हे पहिलं. दुरुस्त्यांच्या फेऱ्या दोनच, हे दुसरं. ‘उलाढाल दुप्पट’ वगैरे वाक्यं त्यापुढे निरर्थक आहेत, कारण उलाढाल दुप्पट होऊनही दिवसाची कमाई घटू शकते.

आता जीएसटी. १८ लग्नं गुणिले १,२०,००० म्हणजे २१,६०,०००. सेवांसाठी वार्षिक उलाढालीची मर्यादा २० लाख आहे, ती ओलांडली की नोंदणी आलीच. फोटो-व्हिडिओच्या कामावर दर १८ टक्के, म्हणजे वरच्या दरावर २१,६०० रुपये. मुलीच्या वडिलांना हा कर कुठे वळता करून घेता येत नाही. त्यांच्या दृष्टीने तुम्ही तेवढे महाग झालात. ५० लाखांपर्यंतच्या सेवा व्यावसायिकांसाठी ६ टक्क्यांची कंपोझिशन (सरसकट कमी दराने कर भरायची) योजना आहे, पण त्यात तो कर गिऱ्हाइकाकडून वेगळा घेता येत नाही, खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही, आणि राज्याबाहेरची कामं करणाऱ्याला योजना लागू होत नाही. मुंबई-पुणे किंवा उदयपूरची लग्नं घेणाऱ्याने सीएशी आत्ताच बोलावं, मार्चअखेरीस नाही. काहीही ठरलं तरी दर सांगताना ‘करासकट’ की ‘कर वेगळा’ हे पहिल्याच भेटीत सांगा.

पायरी ५: एक पानी करार

करार म्हटलं की आपल्याकडे माणसं बिचकतात. ‘अहो, आपण घरचेच’ हे वाक्य हमखास येतं. म्हणून करार घरच्या भाषेत, मराठीत किंवा गुजरातीत, एका पानात बसवा आणि स्वतः वाचून दाखवा. त्यात काय हवं:

काय काय मिळणार आणि प्रत्येकाची तारीख. पैशांचे टप्पे: तारीख अडवताना ४० टक्के, हळदीच्या दिवशी सकाळी ५० टक्के, फिल्म पसंत पडल्यावर १० टक्के. शेवटचा टप्पा मुद्दाम लहान ठेवा. तो अडकला तरी घर चाललं पाहिजे. गाणी आणि नावांची यादी लग्नानंतर पंधरा दिवसांत त्यांनी द्यायची, नाही दिली तर तुमची तारीख तितकी पुढे. दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या, त्यापुढे दिवसाचा दर. कच्चं फुटेज किती महिने सांभाळणार. इन्स्टाग्रामवर टाकायला परवानगी आहे की नाही. ‘हो’ आणि ‘नाही’ अशा दोन चौकटी ठेवा, आणि नवरीला स्वतःला विचारा, तिच्या भावाला नाही.

आणि सुतक. घरात कोणी गेलं आणि लग्न पुढे ढकललं तर दिलेले पैसे नव्या तारखेला वळते होतील, हे लिहून ठेवा. त्या वेळी या विषयावर बोलणं दोन्ही बाजूंना जड जातं.

पायरी ६: फुटेज सांभाळणं

१०० मेगाबिट प्रति सेकंद वेगाने रेकॉर्ड होणारं ४के फुटेज तासाला ४५ जीबी जागा घेतं. तीन कॅमेरे, प्रत्येकी सहा तास म्हणजे दिवसाला ८१० जीबी. दोन दिवसांच्या लग्नाला १.६ टीबी, १८ लग्नांना २९ टीबी, आणि दोन प्रती ठेवल्या तर ५८. म्हणून ‘सगळं कायमचं ठेवू’ हे शक्य नाही. फिल्म दिल्यानंतर सहा महिन्यांनी कच्चं फुटेज काढून टाकण्याचा नियम करा आणि आधी घरच्यांना कळवा. हवं असेल तर त्यांनी डिस्क आणून द्यावी.

तोवर मात्र तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साठवणीत, त्यातली एक दुसऱ्या जागी. बडोद्यात ‘दुसरी जागा’ निवडताना विश्वामित्री नदी लक्षात ठेवा. ऑगस्ट २०२४ च्या पुरात शहराच्या मोठ्या भागात पाणी शिरलं होतं. स्टुडिओ तळमजल्यावर आणि दुसरी प्रत त्याच गल्लीतल्या मामांच्या तळमजल्यावर, याला दुसरी जागा म्हणत नाहीत. वरच्या मजल्यावर, नदीपासून लांब, निदान दुसऱ्या भागात. पावसाळ्यात लेन्सलाही बुरशी लागते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि एक साधा आर्द्रतामापक पुरतो. काटा ४०-५० टक्क्यांच्या आसपास राहील असं बघा.

पायरी ७: ड्रोन आणि गाणी

आपला विमानतळ हरणीत, शहराला चिकटून. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून १२ किलोमीटरपर्यंत निर्बंध असतात, आणि त्या वर्तुळात बडोद्याचा बराचसा भाग येतो. ‘मागच्या लग्नात उडवलं होतं’ ही परवानगी नव्हे. सरकारी नकाशात जागा हिरवी (मोकळी), पिवळी (परवानगी लागणारी) की लाल (मनाईची) हे स्थळ ठरताच बघा. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवणाऱ्याकडे रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागतं. ड्रोनवाल्याकडून त्याची आणि ड्रोनच्या नोंदणीची प्रत मागून घ्या. प्री-वेडिंगसाठी चांपानेरला जाणाऱ्यांनीही तिथल्या संरक्षित वास्तूंत ट्रायपॉड उघडण्याआधी पुरातत्त्व खात्याची परवानगी काढावी. युनेस्कोच्या यादीतली जागा आहे, रखवालदार हाकलतो आणि दिवस वाया जातो.

गाण्यांबाबत एक गैरसमज पक्का बसलेला आहे. कॉपीराइट कायद्यात लग्नाच्या वरातीत आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांत गाणं वाजवण्याला सूट आहे, हे खरं. पण ती सूट वाजवण्यापुरती. तेच गाणं फिल्मला जोडून युट्यूबवर चढवलं, तर हा वेगळा वापर झाला आणि फिल्म अडते किंवा तिचा आवाज बंद होतो. घरी द्यायच्या प्रतीत त्यांचं लाडकं गाणं असू शकतं. तुम्ही जाहिरात म्हणून टाकता ती फिल्म परवाना घेतलेल्या संगीतावर करा. वर्षाचं सबस्क्रिप्शन कायमच्या खर्चात धरा.

पायरी ८: आपल्याच फिल्म परक्याच्या शेजारी बसून बघा

हा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो. गेल्या वर्षीच्या तीन फिल्म निवडा: एक तुमची लाडकी, एक चालून गेलेली, एक तुम्हाला नावडती. या धंद्यातलं काही न कळणाऱ्या एखाद्या मावशी-काकूला शेजारी बसवा. स्क्रीनकडे बघू नका, त्यांच्याकडे बघा. त्या फोनकडे कधी वळल्या, कधी ‘अगं, ही कोण?’ म्हणाल्या, कधी गप्प झाल्या, ते मिनिट लिहून ठेवा.

तुमच्या लक्षात येईल, की गिंबलवरच्या (कॅमेरा स्थिर धरणाऱ्या दांड्यावरच्या) गुळगुळीत चाली, हळू केलेली ओढणी आणि ड्रोनमधून दिसणारा मंडप यांना काकू बघतात, पण बोलत काही नाहीत. बोलतात त्या माणसांबद्दल. विहिणीचा चेहरा, मंगलाष्टकं म्हणताना आवाज कापणारे मामा, उखाणा अर्ध्यावर विसरलेली नवरी. आणि आवाज! आपल्याकडच्या कित्येक मराठी लग्नफिल्ममध्ये मंगलाष्टकं ऐकूच येत नाहीत. वर कुठलंतरी पियानोचं संगीत असतं. ज्या घरात आजीने स्वतः मंगलाष्टक रचून म्हटलं, त्या घराला पियानो कशाला?

म्हणून यंदाच्या कलेच्या उद्दिष्टांत आवाजाला वरचं स्थान द्या. गुरुजींना छोटा माइक, आधी विचारून, उपरण्याच्या आत. एक रेकॉर्डर हॉलच्या स्पीकरच्या मिक्सरला जोडलेला, कारण मंगलाष्टकं म्हणणाऱ्या पाच-सहा जणांच्या हातात तोच माइक फिरतो. तिसरा रेकॉर्डर बोहल्याजवळ, अक्षता आणि टाळ्यांसाठी. नव्या लेन्सपेक्षा कितीतरी कमी पैशांत हे सगळं येतं.

जागांचंही ठरवा. अंतरपाट दूर होतो तो क्षण पुन्हा होत नाही, आणि त्याच वेळी सगळा हॉल उभा राहून अक्षता टाकत असतो. एक कॅमेरा नवरीच्या चेहऱ्यावर, एक नवऱ्याच्या, एक लांब आणि उंचावर. बोहल्यासमोर मधोमध कोणी नाही. पहिल्या रांगेतल्या आजीला वर्षभर वाट बघून व्हिडिओवाल्याची पाठ दिसावी, हे मला फार चुकीचं वाटतं. गुजराती लग्नात पोंखणं (दारात नवऱ्याचं स्वागत) आणि हस्तमेळाप (नवरा-नवरीचे हात हातात देणं) यांची तीच गोष्ट. मराठी-गुजराती लग्नात, जी बडोद्यात आता भरपूर होतात, दोन्हीकडच्या गुरुजी-महाराजांना आदल्या दिवशी एकत्र भेटून क्रम विचारा. हस्तमेळापाचा मुहूर्त आणि मंगलाष्टकांचा मुहूर्त यांत दहाच मिनिटं असू शकतात, आणि मधे साडी बदलायची असते. हे नियोजन कोणीच करत नाही, मग व्हिडिओवाल्यानेच करावं लागतं.

हॉलमधल्या एलईडी दिव्यांचे पट्टे चित्रात येत असतील, तर आपली वीज ५० हर्ट्झची आहे. शटर १/५० किंवा १/१०० ठेवून बघा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

पायरी ९: उद्दिष्टं चारच लिहा

इथवरचं काम झालं असेल तर उद्दिष्टं शोधायला लागत नाहीत. माझ्या भिंतीवर यंदा या चार ओळी आहेत. प्रत्येक मोठी फिल्म लग्नापासून ६० दिवसांत घरी. एप्रिल-मेच्या खिडकीत आठवड्याला एकच लग्न. स्वतःच्या दिवसाची कमाई ५,०००च्या खाली नाही. आणि पावसाळ्यात लग्नाबाहेरची एक छोटी फिल्म, कोणाच्या पैशाने नाही: दांडिया बाजारातल्या एखाद्या जुन्या वाड्यातली दुपार, किंवा नव्वदीतल्या एखाद्या आजी आपल्या लग्नाबद्दल बोलताना. शेवटची ओळ धंद्याची नाही असं वाटेल, पण गेल्या वर्षीचे माझे सगळ्यात चांगले फोन अशाच एका फिल्ममुळे आले.

पाचवी ओळ लिहायचा मोह झाला तर चारांतली एक खोडा.

पायरी १०: तीन तारखांना तपासणी

गुढीपाडवा १९ मार्चला आहे, पहिली लाट संपून मीन राशीतल्या कमुरत्यात. त्या दिवशी फक्त एक बघा: फेब्रुवारीतल्या किती फिल्म गेल्या. मागे असाल तर एप्रिलमधल्या रिकाम्या तारखेचं नवं बुकिंग घेऊ नका, किंवा एडिटर आत्ताच शोधा.

२५ जुलै, आषाढी. पैशांचा पूर्ण हिशेब. वर्षाची बहुतेक मिळकत इथवर झालेली असते, आणि पुढे चार महिने घर या पैशांवर चालवायचं असतं. चातुर्मासाचा खर्च वेगळ्या खात्यात काढून ठेवा. लेन्स घ्यायचीच असेल तर त्यातून उरलेल्या पैशांची.

२० ऑक्टोबर, दसरा. कॅमेऱ्यांची पूजा झाल्यावर बसून नवा दर ठरवा, सहा महिन्यांच्या खऱ्या दिवसांवरून, पायरी ४ मधला भागाकार पुन्हा करून. तुळशीच्या लग्नानंतरच्या साडेतीन आठवड्यांसाठी ज्यांनी जुन्या दरात तारीख अडवली आहे, त्यांना जुनाच दर. त्यानंतर विचारायला येईल त्याला नवा. नवं दरपत्रक दिवाळीआधी तयार असू द्या, कारण परदेशात राहणारी घरं पुढच्या हिवाळ्याची बोलणी दिवाळीच्या फराळासोबतच सुरू करतात.